बदली चालणार नाही

"आ करा," मी म्हटलं आणि समोरचं तोंड उघडलं. उघडलं ते उघडतच गेलं.

मी मोजपट्टी हातात धरून बघत राहिले. सकाळपासून त्या खुर्चीत बसलेल्यांपैकी कुणाच्या तोंडात दीड बोट मावत होतं, कुणाच्या दोन. या गृहस्थाच्या तोंडात तीन बोटं उभी घातली असती तरी वर जागा उरली असती. पडजीभ दिसत होती, थेट मागच्या अक्कलदाढा दिसत होत्या. वरच्या पुढच्या दातांपैकी एकाचा कोपरा तिरपा तुटलेला होता आणि तो दात शेजारच्या दातावर रेलून उभा होता. मला ते त्या घटकेला जगातलं सगळ्यात सुंदर तोंड वाटलं. ओरडावंसं वाटत होतं, पण 'आ करा'पलीकडे मला बोलायची बंदी होती. मी आकडा लिहिला, खांद्यावर थोपटून त्यांना उठवलं आणि पुढच्या माणसाला आत घ्यायची खूण केली.

ही वडशाची गोष्ट. मी नुकतीच दातांची डॉक्टर होऊन वर्ध्याहून तिथे नोकरीला आले होते. त्या भागात खर्रा चालतो. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटघोट घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा. वर्षानुवर्षं असं केलं की गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड आखडत जातं. आधी जांभई अडते, मग घास अडतो. तिखटाचा नुसता वास आला तरी तोंडाची आग होते. शेवटी माणूस पेजेवर येतो.

आमचे हरकरे सर या दुखण्यामागे हात धुऊन लागले होते. एक जुनी, स्वस्त, दुसऱ्याच आजारावर दिली जाणारी गोळी आखडलेलं तोंड सोडवते, अशी त्यांना शंका होती. खात्री करायची तर माणसांवर रीतसर चाचणी घ्यायला हवी. पण जी गोळी कुणीही बनवू शकतो आणि जिच्यात कुणाला नफा नाही, तिच्या चाचणीवर कुठली कंपनी पैसा घालणार? म्हणून सरांनी सरकारदरबारी खेटे घातले, आणि किती तरी नकार पचवल्यावर एकदाचा पहिल्या टप्प्यापुरता पैसा मंजूर झाला. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी रिकामी गोळी. व्यायाम आणि बाकीचे उपचार सगळ्यांना सारखे. कुणाला काय मिळतंय हे त्यांनाही ठाऊक नाही आणि आम्हालाही नाही. वर्षाने तोंडं मोजायची. दोन गटांत फरक दिसला तर दुसरा टप्पा, आणि तो संपेपर्यंत या सगळ्यांना खरी गोळी चालू. फरक नसेल तर सगळं बंद.

माझं काम वर्ष संपल्यावर मोजण्याचं; सुरुवातीची तोंडं मी यायच्या आधी सरांनीच मोजली होती. मोजणाऱ्याच्या मनात कुणाबद्दल काही येऊ नये म्हणून सर भलतेच कडक होते. माणूस आत यायच्या आधी मी भिंतीकडे तोंड करायचं. तो खुर्चीत बसला की त्याच्या डोळ्यांवर टॉवेल, छातीवर नंबर. मला दिसायचं ते फक्त तोंड. गंमत म्हणजे त्यामुळे मी वडशात माणसं चेहऱ्यावरून नाही तर दातांवरून ओळखायला लागले होते. बाजारात कुणी हसलं की मनात यायचं, हे तर आपलं गिऱ्हाईक.

ते सुंदर तोंड आलं त्या दिवशी सर नागपूरला गेले होते आणि बाहेर नंबर देणारी, सगळ्यांना चेहऱ्याने ओळखणारी नेहमीची नर्सही रजेवर होती, तिच्या जागी बदलीवर एक मुलगी आली होती. हे सांगून ठेवते, पुढे लागेल.

सर परतल्यावर मी त्यांच्यासमोर अक्षरशः नाचले. एक नाही, चांगली पाच-सहा तोंडं सताड उघडली होती. "सर, गोळी चालली," मी म्हटलं.

सरांनी चष्मा पुसला. "रिकाम्या गोळीवालीही असतील त्यात," ते म्हणाले. "दोन्हीकडची तोंडं सारखीच उघडली तर गोळी पडली म्हणायचं."

मला त्यांचा असा राग आला. आनंदात मिठाचा खडा टाकायची त्यांना सवयच होती. आठवड्याने दिल्लीहून तपासणी समिती यायची होती, त्यांच्यासमोरच संगणकातली गुपितं उघडायची होती आणि पुढच्या पैशाचा निकाल लागायचा होता. माझा धीर निघत नव्हता. मोजणी संपल्यामुळे निदान माझ्यावरची बंधनं तरी सुटली होती. ज्या नंबरचं ते सुंदर तोंड होतं, तो माणूस कोण, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, चिंतामण बुराडे.

वडशात हे नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक. झाडीपट्टीच्या नाटकांचं वडसा म्हणजे माहेरघर. दिवाळी झाली की धान निघतं आणि गावोगाव मांडव पडून नाटकं सुरू होतात. बुराडे तिथले नावाजलेले खलनायक. त्यांच्या हसण्यावर म्हणे बायका पदर डोळ्यांवर ओढून घेत. माझी घरमालकीणच मला म्हणाली होती की बुराड्याचं हसणं ऐकलं नाही तर वडशात राहून काय केलं. त्या तोंडातून निघणारं हसणं ऐकायला मी दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांच्या मंडळीच्या तालमीला जाऊन बसले.

छापखान्यामागच्या एका लांबट खोलीत तालीम चालली होती. काळ्या शर्टातले, भरघोस मिशांचे बुराडे पुढे आले. नायिकेच्या बापाकडे त्यांनी रोखून पाहिलं आणि ते हसले. तोंड बंद ठेवून हसले. छातीतून घुमत, नाकातून फुसफुसत ते हसणं निघालं आणि माझ्या अंगावर काटा आला. पण ओठ विलग झाले नाहीत. मी पुढे सरकून बसले. दुसऱ्या प्रवेशातही तेच. बोलताना दातांची जेमतेम फट दिसत होती. इतकं तोंड उघडत असताना हा माणूस ते मिटून का ठेवतो, मला कळेना.

मग विनोदी नोकराचं काम करणारा नट आला. लुंगी सावरत त्याने काही तरी चावट कोटी केली आणि स्वतःच खदखदा हसला. तोंड उघडलं. पडजीभ. अक्कलदाढा. वर तिरपा तुटलेला दात, शेजाऱ्यावर रेललेला.

मी उभीच राहिले. माझी खुर्ची धाडकन मागे पडली आणि तालीम थांबली.

"तुम्ही माझ्या खुर्चीत बसला होतात," मी त्या नटाला म्हटलं.

त्याचं नाव गुणवंत लांजेवार. त्याला ना लाज ना भीती. उलट पावती मिळाल्यासारखा त्याचा चेहरा खुलला.

"ओळखलं का जी मॅडम? मीच होतो. चिंतामणभाऊले जमत नव्हतं, म्हणून मी बसलो. त्यायच्यावानी चालत आलो, त्यायच्यावानीच खोकललो. कसं झालं माह्यं काम?"

तो मला समजावून सांगू लागला, आणि जे सांगत होता ते त्याच्या जगात अगदी सरळ होतं. नाटकाच्या दिवशी एखाद्याला ताप आला, कुणाची बस चुकली, कुणाकडे मयत झालं, तरी प्रयोग थांबत नाही. दुसरा त्याच्या जागी उभा राहतो, आणि उभा राहिला की तोच होऊन उभा राहतो. बुराड्यांचा त्या दिवशी कुरखेड्याला प्रयोग होता, म्हणून ते दवाखान्यात येऊ शकत नव्हते. दवाखान्याचं काम अडायला नको. यात चुकलं काय, हे त्याला कळत नव्हतं. बुराडे मात्र खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

"आणखी कुणी बदली पाठवली?" मी विचारलं.

गुणवंताने मान खाजवली. "असतीन जी एकदोघं. आमच्या मंडळीतले लोकं लय हायेत नं तुमच्याकडं."

मी तिथून निघाले ती जवळजवळ धावतच. माझी सगळी सताड उघडलेली तोंडं डोळ्यांसमोर येत होती आणि एकेक मिटत होतं. वर्षभराची मेहनत, सरकारचा पैसा, सगळं या बदल्यांनी पाण्यात घातलं होतं. सरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते भडकतील. ते डोक्याला हात लावून बसले आणि मग चक्क हसायला लागले.

"मी मोजणारीचे डोळे बांधले," ते म्हणाले, "आणि खुर्चीत कोण बसलंय हे बघायला कुणालाच ठेवलं नाही."

समितीला फोन करून तारीख पुढे ढकलायला ते तयार नव्हते. काय घडलं ते सगळं सांगायचं, पण आधी खरी तोंडं मोजायची, असं त्यांनी ठरवलं. सुरुवातीला प्रत्येकाच्या पुढच्या दातांचे फोटो काढून सरांनी कुलपात ठेवले होते. ताडून घ्यायला ते पुरे होते. प्रश्न होता तो एवढ्या गावांतून पसरलेली माणसं चार-पाच दिवसांत गोळा करायचा. मी फोन लावत सुटले, पण निम्मे लागेनात. तेव्हा गुणवंतच मदतीला आला. आपल्या कामाचं कौतुक होत नाही एवढं त्याला एव्हाना उमगलं होतं आणि ते त्याच्या जिवाला लागलं होतं. नाटकांची जाहिरात करत फिरणारी मंडळीची जीप त्याने मिळवली, कर्णा बांधला, आणि गावोगाव त्याचा तो खणखणीत आवाज घुमला. नाव कुणाचं घ्यायचं नाही, अशी सरांनी त्याला शपथ घातली होती. "दवाखान्यात तोंड मोजाले सोता या हो! ज्याचं तोंड त्यानंच आणा! बदली चालणार नाई!"

लोक आले. काय आले म्हणून सांगू. सायकलीवर, ट्रॅक्टरमध्ये, एक तर लग्नाच्या वरातीतून फेटा बांधून आला. सर दाराशी फोटो घेऊन उभे, आत मी. मोजता मोजता माझे हात दुखले, पण मला भूक नव्हती की तहान नव्हती. एकूण पाच जणांनी बदली पाठवली होती, सगळे नाटकवाले. त्यातले चार निमूटपणे येऊन आपलं खरं, आखडलेलं तोंड मोजून गेले. पाचवा, चिंतामण बुराडे, आला नाही. समिती दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. अंगणात त्यांची बायको कौशल्याबाई पेरू खात होती. सबंध पेरू, दातांनी तोडून. तिचे ते बुटके, एकसारखे दात मी लगेच ओळखले. तीही आमच्या चाचणीत होती. दोन बोटांहून जास्त उघडलेलं तोंड होतं तिचं.

बुराडे ओसरीवर बसले होते. मी काही विचारायच्या आतच ते बोलले.

"कुरखेड्याले प्रयोग नव्हता जी त्या दिवशी. मी घरीच होतो."

मी खाली बसले. ते थांबत थांबत सांगत होते. वर्षभर त्यांनी एक गोळी चुकवली नव्हती, खर्ऱ्याला हात लावला नव्हता, तरी तोंड तिळभरही उघडलं नव्हतं. कौशल्याबाईचं मात्र उघडत गेलं. जी बाई तीन वर्षं पेज पीत होती, तिने त्या पोळ्याला मिरचीचा ठेचा मागून खाल्ला.

"म्हणजे गोळी तं चांगलीच हाय नं?" ते म्हणाले. "पण माह्यं तोंड पाहून सायेब लोक म्हणतीन, गोळी पडली. मग हिची गोळी बंद. म्हणून गुणवंताले बसवलं. ज्यायचे ज्यायचे तोंडं उघडले नव्हते, त्या सगळ्यायले मीच सांगतलं, मोठ्या तोंडाचा माणूस धाडा. नाटक पडत असन तं सावरा लागते, मॅडम."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाने फसवलं होतं ते स्वतःसाठी नव्हतंच.

"काका, हे नाटक नाही," मी म्हटलं. "आम्हाला गोळी जिंकवायची नाही. ती खरंच चालते का, एवढंच बघायचंय. तुमचं तोंड उघडलं नसेल तर मला ते न उघडलेलं तोंडच हवंय."

"आन् त्यानं गोळी पडली तं?"

कौशल्याबाई माझ्याकडे बघत होती. खोटं बोलणं फार सोपं होतं.

"तर पडेल," मी म्हटलं.

कौशल्याबाईने अर्धा पेरू उंबऱ्यावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

"जा जी तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. "लबाडीची गोळी मले नाई पचत."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी बुराडे माझ्या खुर्चीत होते. आ करा, म्हटल्यावर त्यांनी केलं ते दीड बोटसुद्धा नव्हतं.

समितीच्या प्रमुख डॉ. राव मॅडम. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, हिंदीत एकेक शब्द मोजून बोलणाऱ्या. सरांनी काही हातचं राखलं नाही. टॉवेल, बदली, जीप, कर्णा, सगळं सांगितलं. राव मॅडमच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी एवढंच विचारलं की दोन्ही मोजण्यांचे आकडे आहेत ना. मी होय म्हटलं. मग त्यांच्याबरोबरच्या आकडेतज्ज्ञाने संगणक उघडला आणि कुणाला कुठली गोळी होती ते जोडायला घेतलं.

त्याने आधी पहिल्या मोजणीचा निकाल वाचला, बदल्यांसकट. खरी गोळी आणि रिकामी गोळी, दोन्ही गट जवळपास सारखे. फरक नाही. सरांनी डोळे मिटले.

मग त्याने दुसऱ्या मोजणीचे आकडे घातले. पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तो संगणक त्याने राव मॅडमकडे वळवला. खऱ्या गोळीवाल्यांची तोंडं उघडली होती. रिकाम्या गोळीवाल्यांची नव्हती. फरक इतका होता की मलासुद्धा लांबून दिसला.

बदली पाठवणाऱ्या पाचांपैकी चार जण रिकाम्या गोळीवर होते. साहजिकच होतं ते. तोंड उघडलं नव्हतं म्हणूनच तर त्यांनी दुसऱ्याचं पाठवलं होतं. गोळीला वाचवायला म्हणून त्यांनी जी सताड तोंडं आणून बसवली, ती एक सोडून सगळी रिकाम्या गोळीच्या पारड्यात पडली होती.

राव मॅडमनी चष्मा काढला. पहिलेच आकडे राहिले असते, तर आज दुपारी हे काम आपण बंद करून गेलो असतो आणि एक चांगली गोळी कायमची पुरली असती, असं त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "दुसरा टप्पा सुरू करा. पण खुर्चीत कोण बसतंय हे बघायला एक माणूस नेमा."

मी उठून बाहेर धावले. डॉक्टरने असं धावू नये, पण मी धावले. बाहेरच्या बाकावर बुराडे आणि कौशल्याबाई बसले होते. गुणवंतही होता, जिपेच्या चाकाला टेकून.

"काका, तुम्हाला रिकामी गोळी होती," मी धापा टाकत म्हटलं. "वर्षभर नुसता खडू खाल्लात. म्हणून उघडलं नाही. आणि तुमचं उघडलं नाही म्हणून तर कळलं की काकूंचं गोळीनेच उघडलं."

त्यांनी ते हळूहळू समजून घेतलं. माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग छातीतून ते घुमणारं, मिटल्या ओठांचं हसणं निघालं आणि थांबेचना. हसता हसता त्यांच्या मिशा ओल्या झाल्या. कौशल्याबाई चारचौघांत त्यांचा हात धरून बसली होती.

"आता मले खरी भेटन का?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून," मी म्हटलं.

पुढच्या साली, दिवाळीच्या तोंडावर, बुराडे मोजायला आले. सरांनी नेमलेल्या माणसाने दाराशी फोटो ताडून पाहिला. त्यांच्यापुरतं गुपित आता काही उरलं नव्हतं, म्हणून टॉवेलही लागला नाही. ते खुर्चीत बसले, माझ्याकडे बघत त्यांनी श्वास भरला आणि न सांगताच हसले. तोंड उघडून. त्या हसण्याने बाहेर रांगेतली माणसं उठून दाराशी आली, आणि सगळ्यांच्या पुढे गुणवंत होता.

हसणं संपलं तसं तोंड उघडंच ठेवून त्यांनी मोजायची खूण केली. मी मोजलं. मग त्यांनी ओठ मिटले आणि मिशीवरून हात फिरवला.

"कसं झालं माह्यं काम, मॅडम?"

गुणवंताच्या तोंडासमोर हे अजून बोटभर कमी होतं. मी तेच सांगितलं आणि तोच आकडा लिहिला.